एक वाजताचं दूध

हिंमतरावांनी पंखा बंद केला, खिडकी लावली, गल्लीकडचं दार ओढून घेतलं आणि परत खाटेपाशी येऊन बसले. एवढी शांतता पुरायला हवी होती. स्टेथस्कोपची दोन्ही टोकं त्यांनी कानात घट्ट खोचली, चकती नातीच्या पोटावर ठेवली आणि तिच्या नाकातल्या नळीत सिरिंजने थोडी हवा सोडली.

काहीही ऐकू आलं नाही.

तसं ते गेल्या चार महिन्यांत कधीच आलं नव्हतं. पण आजची गोष्ट वेगळी होती.

भूमिका सात वर्षांची. जन्मली तेव्हा रडली नाही, आणि पुढे मान धरणं, बसणं, बोलणं यातलं काही तिला जमलं नाही. गिळताही येत नव्हतं. तोंडाने दिलेला घास पोटाऐवजी फुप्फुसात उतरायचा. दोनदा न्यूमोनिया होऊन पोर हातची जायची वेळ आली, तेव्हा डॉक्टरांनी नाकातून पोटापर्यंत नळी घातली. आता दूध, नागलीची गाळलेली पेज, पाणी, औषध, सगळं त्या नळीतूनच. दर वेळी देण्याआधी नळी पोटातच आहे ना, हे बघायचं. सिरिंज ओढली की पोटातलं पिवळट पाणी यायला हवं. त्यानंतर हवा सोडायची आणि पोटात बुडबुड ऐकायची. खात्री नसेल तर पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, असं नर्सबाईंनी भूमिकाच्या आईला, रोहिणीला, आणि हिंमतरावांना समोर बसवून तीन-तीनदा बजावलं होतं.

रोज पिवळं पाणी यायचं. त्यामुळे कान गेले तरी चालून गेलं. आज मात्र साडेबाराला भूमिकाला खोकल्याची उबळ आली. घामाने गालावरची चिकटपट्टी सुटली, नळी किती आत आहे ते दाखवणारी पेनाची खूण पुसली गेली. हिंमतरावांनी पट्टी नवी लावली आणि सिरिंज ओढली. काही आलं नाही. पोरीला डाव्या कुशीवर वळवलं, पंधरा मिनिटं थांबले, परत ओढली. कोरडीच.

एकतीस वर्षं ते साखर कारखान्यात मिलवर फिटर होते. ऊस पिळणारे रोळ फिरत असताना तिथे कुणी बोलत नसे, हातांच्या खुणा चालत. घरी येऊन तेवढ्याच मोठ्या आवाजात चहा मागायचे, तेव्हा बायको, सिंधुबाई, म्हणायची, "मी बहिरी नही शे!" सिंधुबाई जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा ललित सुरतेला कापडाच्या मिलमध्ये, पंधरा दिवसांनी यायचा. आणि सून रोहिणी आठ महिन्यांपासून शहाद्याला कॉलेजच्या ऑफिसात.

त्याआधीची सहा वर्षं रोहिणी या म्हसावद गावातून फक्त दवाखान्यात गेली होती. ना माहेर, ना लग्नकार्य. दर तीन तासांनी दूध, मग त्यात बाईने जावं तरी कुठे? नोकरी लागली तेव्हा हिंमतरावच म्हणाले होते, "जाय बेटा, दुपारनं मी देखसू." आणि रोहिणी बदलली. इस्त्रीची साडी नेसायला लागली. संध्याकाळी येऊन हेडक्लार्कची नक्कल करायची. एकदा ती इतकी हसली की भूमिका दचकली आणि मग तीही तोंड उघडून हसली. घरात असा आवाज किती वर्षांनी झाला, ते हिंमतरावांना सांगता आलं नसतं. तो आपल्यामुळे बंद व्हावा, हे त्यांच्या जिवावर आलं होतं. म्हणून रोज दीड वाजता रोहिणीचा फोन आला की ते आवाज आल्याचं बिनदिक्कत सांगत, "उना, आवाज उना."

घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. एक वाजताच झटक्यांचं औषध द्यायचं असे. दिवाळीत ते दोन तास चुकलं, तर पोरीचे ओठ निळे पडले होते. न द्यावं तर ती भीती, द्यावं तर ही. भूमिका जीभ टाळूला लावून चटचट करत होती, ही तिची भूक.

हिंमतरावांनी दार उघडून शेजारच्या वत्सलाबाईंना हाक मारली. "वहिनी, जराशा या ना आठे."

"काय व्हयनं, भाऊ?" वत्सलाबाई ओले हात पदराला पुसत आल्या. चांगली बाई, पण भूमिकाला हात लावायला घाबरायची.

"हाई कानमा घाला. मी हवा सोडस. पोटमा बुडबुड वाजस का, तेवढं सांगा."

"माले त्यामातलं काय समजस?"

"नुसतं ऐका."

त्यांनी हवा सोडली. वत्सलाबाईंनी डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या आणि मान हलवली. "येस ना. बुडबुड येस."

हिंमतरावांचा जीव भांड्यात पडला. दुधाचा पेला उचलायला हात गेलासुद्धा. पण बाईने उत्तर जरा लवकरच दिलं होतं. त्यांनी हात मागे घेतला. सिरिंज पाठीमागे धरली आणि काहीही न सोडता विचारलं, "आनि आते?"

"हा, आते बी उना. मोठा उना."

ते तिच्याकडे बघत राहिले. तिच्या चेहऱ्यावर नुसती माया होती. म्हाताऱ्याला धीर द्यावा, पोरीच्या पोटात दोन घोट जावेत, एवढंच तिला हवं होतं. तिच्यावर रागावणार तरी कसं? चार महिने रोहिणीला त्यांनी हेच दिलं होतं.

"द्या ना भाऊ दूध, पोर भुकी शे," वत्सलाबाई म्हणाल्या.

"नही," हिंमतराव म्हणाले.

दीडला फोन वाजला. त्यांनी स्पीकर चालू केला.

"आबा, दूध दिधं का? आवाज उना ना?"

उना. एवढा एक शब्द जिभेवर तयार होता. तो म्हटला असता तर रोहिणी डबा उघडून बसली असती, आणि कदाचित काही झालंही नसतं. रोज कुठे होतं?

"नही उना," ते म्हणाले. "माले ऐकूच येत नही, रोहिणी. आजनं नही, पौष महिनापाईन. मी तुले खोटं सांगत व्हतू. आज सिरिंजमा काहीच निंघनं नही. दूध नही दिधं. औषध बी नही."

पलीकडे ती काही बोलली, ते त्यांना कळलं नाही. मग ती ओरडली. "काहीच देऊ नका! पानी बी नही! मी येस!"

पुढचा पाऊण तास कसा गेला, ते हिंमतरावांनाच माहीत. वत्सलाबाई दाराशी हात जोडून बसून होत्या. भूमिकाचं रडणं आवाजाचं नसे, नुसता चेहरा वाकडा व्हायचा. दोनला पाच कमी असताना तिच्या ओठाचा उजवा कोपरा उडायला लागला. झटका असाच सुरू व्हायचा. ते तिचे तळवे चोळत होते. "थांब माय, उनी तुन्ही मम्मी," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. पेल्यातल्या दुधाकडे बघायचीही त्यांना भीती वाटत होती.

ऑफिसातल्या मॅडमच्या स्कूटीवरून रोहिणी उतरली ती हात धुवूनच खोलीत आली. पोटावर चकती ठेवून तिने हवा सोडली, ऐकलं, परत सोडली, परत ऐकलं. मग मोबाईलचा टॉर्च लावून लेकीचं तोंड उघडलं. घशाशी नळीचं वेटोळं झालेलं होतं.

पट्टी काढून तिने नळी ओढली, नवी मोजली, नाकातून हळूहळू आत घातली. सिरिंजमध्ये पिवळं पाणी आलं. तिने तरीही ऐकलं. मग आधी औषध दिलं. बऱ्याच वेळाने ओठाचा कोपरा उडायचा थांबला. मॅडम आणि वत्सलाबाई निघून गेल्या.

"चार महिना, आबा," रोहिणी म्हणाली. मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल असं. "आनि मी तठे हासत डबा खात व्हती."

हिंमतरावांना खाटेखाली शिरावंसं वाटलं. "रोज पहिले ओढी देखू. पानी निंघे, मंग दूध देऊ. जर तुले सांगतू, ते तू नोकरी सोडी देती."

रोहिणीने दुधाची सिरिंज नळीला जोडून त्यांच्याकडे केली. "धरा. तुम्हीच द्या. तिले तुमना हातनी सवय शे."

त्यांनी सिरिंज वर धरली. दूध संथपणे उतरायला लागलं. रोहिणी आतल्या खोलीत गेली. दार उघडंच होतं. घरातली साडी नेसून झाल्यावर तिने ऑफिसची साडी अंथरुणावर पसरली, हाताने सुरकुत्या काढल्या, चार घड्या घातल्या. रोज ही साडी खुंटीवर जायची, पण आज तिने खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली, लग्नातल्या शालूखाली ती ठेवली आणि पेटीची कडी लावली.

ती येऊन सासऱ्याशेजारी बसली. भूमिकाचे डोळे मिटत होते.

"थोडं वर धरा, आबा," ती हळू आवाजात म्हणाली.

हिंमतराव दुधाकडे बघत तसेच बसून राहिले. तिने परत सांगितलं नाही. त्यांच्या कोपराखाली हात घातला आणि तो थोडा वर उचलून धरला.