दोघींची रायफल

मी एक जुनी रायफल आहे. घाबरू नका मित्रांनो, माझ्या पोटात बारूद नाही, हवा आहे. ज्वारीच्या दाण्याएवढा शिशाचा छर्रा मी दहा मीटरवरच्या कागदावर मारते आणि त्या कागदाला एक बारीक भोक पडतं. एवढीच माझी शिकार.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. लांब सरळ नळी, गुळगुळीत लाकडी दस्ता, आणि पाठीवर मागच्या बाजूला बसवलेली साइट. साइट म्हणजे टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असलेली छोटीशी डबी. नेमबाज त्या छिद्रातून पाहतो आणि नळीच्या टोकावरच्या कड्यात टार्गेटचा काळा ठिपका धरतो. डबीला दोन चाव्या असतात. त्या फिरवल्या की ‘खट्’ असा आवाज होतो आणि नेम केसभर इकडे-तिकडे सरकतो. प्रत्येकाच्या डोळ्याप्रमाणे हे खटके वेगळे. पण हे सारं खरं ठरतं ते ती डबी माझ्या पाठीवर घट्ट बसलेली असेल तेव्हाच. तिला धरून ठेवतात दोन स्क्रू.

नागपूरच्या एका तरुणाने मला प्रथम विकत घेतलं. त्याने माझ्यावर पदकं मिळवली, पेपरात आमचा दोघांचा फोटो आला. पुढे त्याने नवी रायफल आणली आणि मी माळ्यावर गेले. एका स्क्रूचे आटे झिजले होते. नवा स्क्रू बसवायचा त्याने कंटाळा केला. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून त्याने साइटखाली पाचरीसारखा ठोकला आणि मला विकायला काढलं. जुनी रायफल घेताना लोक नळी पाहतात, लाकूड पाहतात. साइटखाली कोण पाहतो?

मला घेतलं ते दर्यापूरच्या दोन मुलींनी. साधना आणि आचल. दोघी शाळेत एका बाकावर बसत. आता अमरावतीला एकाच कॉलेजात होत्या आणि एकाच खोलीत राहत होत्या. साधनाचे वडील भगवंतराव यांची काळ्या मातीची चांगली शेती. आचलचे वडील शेषराव एसटीत वाहक. आचलचं घर बौद्ध, दर्यापुरात त्यांची वस्ती वेगळी. पण दोघींना नेमबाजीचं वेड एकच. पोरींनी हट्ट धरला, दोन्ही वडिलांनी निम्मा-निम्मा भार उचलला आणि मी दोघींची झाले.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. आधी एक मारायची, मग दुसरी. माझं लाकूड कधी थंड पडत नसे. रायफल देताना आचल सांगायची, “माह्ये चार खटके डावीकडे गेलेत, तुह्ये तू लावून घे वो.” साधना हसून चाव्या फिरवायची. एकीला दहापैकी दहा मिळाले की दुसरी टाळी द्यायची. नेमबाजी क्लबात शिकवणारे शेखर सर म्हणायचे, “युनिव्हर्सिटीच्या संघात या दोघींपैकी एक तर नक्की जाते.” एक की दोघी, हा विचार तेव्हा कोणाच्या मनात आला नाही.

दिवाळीत साधना मला घरी दाखवायला दर्यापूरला घेऊन गेली. एसटीच्या फळीवर माझी पेटी ठेवली होती. रस्ता खड्ड्यांचा, तुम्हाला माहीतच आहे. धक्क्याधक्क्याने तो पत्रा हलला आणि माझी साइट ढिली झाली. दिसायला काहीच नाही. नुसता केसाएवढा खेळ. पण मित्रांनो, माझ्या पाठीवरचा केस दहा मीटरवर बोटाएवढा होतो.

सुट्टीनंतर छर्रे भरकटू लागले. आचलचेही भरकटत होते, पण ती कोणाला बोलली नाही. आपलाच श्वास चुकतो असं समजून ती सकाळी लवकर उठून नेम धरून स्थिर उभं राहण्याचा सराव करू लागली. साधनाला मात्र वेगळीच शंका आली.

“आचल, तू तुह्ये खटके मले बराबर मोजून सांगतं ना?”

“हो वो. काहून?”

“काई नाई. सहजच.”

ते सहज नव्हतं. त्या दिवसापासून साधना मला हातात घेतल्यावर आधी चाव्यांकडे पाही आणि मग आचलकडे. मी दोघींच्या हातात होते, पण मला तोंड नव्हतं.

युनिव्हर्सिटीच्या संघनिवडीचा दिवस आला. आचलचा नंबर आधी. त्या वेळी माझी साइट नशिबाने एका जागी टिकून राहिली आणि आचलने सुरेख मारलं. मग एका हातातून दुसऱ्या हातात जाताना माझा दस्ता टेबलाच्या कडेला लागला. तेवढ्याने पत्रा सरकला. साधनाचा पहिला छर्रा पार डावीकडे गेला. तिने खटके दुरुस्त केले, तर पुढचा उजवीकडे. तिच्या गालाला घाम फुटला, तो मला लाकडावर जाणवला. शेवटी आचल संघात आली आणि साधना राहिली.

भगवंतराव मुद्दाम पाहायला आले होते. सगळ्यांसमोर ते मोठ्याने म्हणाले, “म्या त आधीच सांगतलं होतं, त्या लोकाईसंग भागीदारी करू नको. घेतला ना हात मारून!”

आचल तीन पावलांवर उभी होती. तिने भगवंतरावांकडे पाहिलंच नाही, तिने साधनाकडे पाहिलं. साधना मान खाली घालून माझी पेटी बंद करत राहिली. शेखर सर एवढंच म्हणाले, “तुमी आपसात पाहून घ्या.”

त्याच संध्याकाळी आचलने आपली बॅग भरली आणि ती अमरावतीतल्याच आपल्या मावशीकडे, दुर्गाबाईंकडे राहायला गेली. मला तिने हातही लावला नाही.

आता मी एकट्या साधनाची होते. ती रोज क्लबवर येई, जणू काही सिद्ध करायचं होतं. पण छर्रे तसेच भरकटत राहिले. चाव्यांना हात लावायला आता दुसरं कोणीच नव्हतं. एका दुपारी तिने मला टेबलावर ठेवलं, धूळ पुसायला फडकं घेतलं, आणि तिचा अंगठा साइटवर दाबला गेला. साइट हलली. तिने पुन्हा दाबून पाहिलं.

“सर,” तिने हाक मारली, “हे हालून राहिलं.”

शेखर सरांनी स्क्रू सोडले. पत्र्याचा चुरगळलेला तुकडा टेबलावर पडला. मग सरांनी माझ्या पाठीवरचा जुना चिकट तेलाचा थर पुसून काढला. लेथ मशीनवर लोखंडकाम करणाऱ्या एका लेथवाल्याकडून आटे नवे पाडून आणले. नवे स्क्रू बसवून ते एकदम न आवळता, एकाला थोडा पीळ, मग दुसऱ्याला थोडा, असे घट्ट केले. साइट आणि पाठ जिथे मिळतात तिथे पेन्सिलची बारीक रेघ ओढली, म्हणजे पुन्हा सरकली तर लगेच दिसावं. साधनाने पाच छर्रे मारून पाहिले. पाचही एकाच भोकातून गेले. सर म्हणाले, “झालं काम.” साधनाने तो पत्र्याचा तुकडा उचलून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती मला ऑटोत घालून दुर्गाबाईंच्या घरी गेली. आचल दारातच भेटली. साधनाने सगळं सांगितलं, पत्र्याचा तुकडासुद्धा दाखवला.

आचलने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “साइट ढिली होती, पटलं मले. पण तुह्ये बाबा बोलले तवा तू चूप काहून राहिली? ते त साइटनं नाई केलं.”

साधनाने फोन काढला आणि आचलसमोरच, स्पीकर चालू करून, वडिलांना लावला. “बाबा, बंदूकच ढिली होती. आचलनं काई केलं नव्हतं. तुमी बोलले ते खोटं होतं. अन् मले तवा बोलाचं होतं, मी नाई बोलली.”

पलीकडून भगवंतराव म्हणाले, “मी वावरात आहो. मंग बोलतो.” फोन बंद झाला. त्यांनी पुन्हा फोन केला नाही.

दुर्गाबाईंनी पाणी दिलं, साधना पिऊन उठली. स्पर्धेसाठी आचलने मला ठेवून घेतलं. “खोलीवर ये” असं साधना म्हणाली नाही, आणि “येतो” असं आचलही म्हणाली नाही.

मित्रांनो, माझी कहाणी आता संपत आली आहे. तुमच्याकडे कोणतीही वापरलेली वस्तू आली तर ती नीट उलटून-पालटून पाहा. नेम चुकला तर जवळच्या माणसावर डोळे रोखण्याआधी स्क्रूला बोट लावून पाहा. माझ्यासारखीचा ढिला भाग दोन नव्या स्क्रूंनी बसतो. पण मैत्रिणीबद्दल कोणी वाईट बोललं आणि आपण मान खाली घातली, तर त्यावर कुठल्याच लेथवाल्याकडे इलाज नाही. म्हणून तेव्हाच बोला.

स्पर्धेला निघायच्या सकाळी साधना अमरावतीच्या बसस्टँडवर आली. पेटीचं झाकण लागण्याआधी मी तिला पाहिलं. तिने स्क्रू आवळायची छोटी किल्ली आचलच्या हातात दिली. “वाटेत धक्के लागतीन. पोचल्यावर स्क्रू पायजो.”

आचलने किल्ली घेतली. झाकण लागलं, बस सुटली. तिने खिडकीतून मागे वळून पाहिलं की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी पेटीत होते.