शनिवारची हजेरी

"सर, माझी आई असाच घागरा घालते," धनसिंग उभा राहून म्हणाला. "त्याला आरसे असतात, कवड्या असतात. चोरीचा माल लपवायचे खिसे मी तरी कधी पाहिले नाहीत."

वर्गात कोणीतरी खोकलं. बाकी सगळे बाकावर रेघा ओढू लागले. एकसष्ट साल होतं, नागपूरचं लॉ कॉलेज होतं, आणि वामनराव आम्हाला गुन्हेगारीशास्त्राच्या जाडजूड इंग्रजी पुस्तकातलं 'गुन्हेगार जमाती' हे प्रकरण शिकवत होते. या जमाती कशा ओळखाव्यात, त्यांच्या बायका माल कुठे लपवतात, मुलांना चोरी कितव्या वर्षी शिकवतात, सगळं इतक्या खात्रीनं लिहिलेलं, की लिहिणारा तांड्यात पाळण्यापासून राहिला असावा असं वाटे. धनसिंग राठोड दारव्ह्याकडच्या बंजारा तांड्यातला. अख्ख्या तांड्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला तो एकटा.

वामनराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मिस्टर राठोड, पुस्तक जुनं आहे. तुम्ही परीक्षेत भूतकाळात लिहा म्हणजे झालं. तो कायदा बावन्न सालीच रद्द झालाय. आता जन्मानं कोणी गुन्हेगार नाही."

धनसिंग खाली बसेना. "रद्द झाला म्हणजे, सर, हजेरीसुद्धा?"

"अर्थात. पोलिसांपुढची, पाटलापुढची हजेरीसुद्धा."

मग तो बसला, पण तास संपेपर्यंत त्याचं लक्ष कुठेच नव्हतं. आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. मी उकंडा, नेरकडचा. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं मला उकिरड्यावर ठेवून उचललं आणि हे नाव दिलं. छप्पन साली आम्ही धर्म बदलला तेव्हा नावही बदल म्हणून पुष्कळांनी सांगितलं. मी नाही बदललं. लोकांना माझं नाव घ्यायची लाज वाटते ती मला बघायला आवडते.

खोलीवर आल्यावर मी स्टोव्ह पेटवला, चहा टाकला. धनसिंग खाटेवर बसून भिंतीकडे पाहत होता.

"काय झालं बे? तोंड काहून पाडून राह्यला? चांगलं तर बोलला तू."

"उकंडा, माहा बा अजून जाते."

"कुठं?"

"हजेरीले. गावच्या डोमाजी पाटलाच्या ओट्याखाली. दर शनिवारी, दिवस बुडाच्या आत."

मला वाटलं थट्टा करतोय. "अन् तुले आज समजलं का हे?"

"लहानपणापासून पाहून राह्यलो न. मले वाटे, सगळ्याइचेच बाप जातात."

चहा उतू गेला. मला हसू आलं होतं ते तसंच गिळलं आणि मग असा राग आला, की ते पुस्तक मी खाटेखाली भिरकावलं. राग पुस्तकाचा होता का धनसिंगच्या बापाचा, ते मला धड कळलं नाही. माझाही बाप एका ओट्याखाली उभा राहण्यात म्हातारा झाला होता.

होळीच्या सुटीत धनसिंगनं मला सोबत घेतलं. "तू जवळ असला तर मी बोलीन," म्हणाला. दारव्ह्यापर्यंत मोटार, पुढे पायी.

त्याच्या बापाचं नाव रूपसिंग. उंच, काटक, डोक्याला लाल पागोटं. त्याच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलं होतं. आता याच्याकडे थोडी पऱ्हाटीची, कापसाची जमीन होती, पण बैल पारखायची नजर गेली नव्हती. दारव्ह्याच्या बाजारात जोडी घेणारे आधी रूपसिंगला शोधत. तो दात पाहायचा, खांद्यावर हात फिरवायचा आणि घे किंवा नोको एवढंच बोलायचा. तरणा असताना तांड्याजवळच्या गावात घरफोडी झाली, पोलिसांनी तांड्यातली चारदोन नावं लिहून नेली, त्यात याचं गेलं. चोरी कोणी केली ते कधीच निघालं नाही. नाव मात्र राहिलं, आणि नावाबरोबर हजेरीही.

धनसिंगची आई मानीबाई. तिनं लेकाच्या आणि माझ्या पुढे सारख्याच थाळ्या ठेवल्या, एकाच तव्यावरच्या भाकरी वाढल्या. मी नको तिथे हे बघत असतो. माणसाची सवय.

घरची माणसं आपसात गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत बोलत, पण मी बसलो होतो म्हणून धनसिंग वऱ्हाडीत बोलला. "बा, तो कायदा संपला. सरकारनं रद्द केला. तुले हजेरीले जायची गरज नाही."

रूपसिंग दोरी वळत होता. हात थांबले. "कधी संपला?"

"नऊ वर्षं झाले."

त्यानं दोरी मांडीवर ठेवली. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मले कोणी सांगतलं नाही."

"मी सांगून राह्यलो न आता. या शनिवारी नोको जाऊ."

"कायदा तिकडं नागपूरले संपला असन, बेटा. इकडं कुठं काही गेलं, की पोलीस पह्यले आपल्या तांड्यात येतात. तवा डोमाजी पाटील सांगते, रूपसिंग माह्यासमोर उभा होता. मंग ते परत जातात. तू शिकला, तुह्या शाळेत कोणी आलं नाही चौकशीले. काहून नाही आलं?"

"म्हणजे तू जन्मभर साक्ष देत फिरशीन, का मी चोर नाही?"

"फिरतो न. पाय कुठं मोडले माहे?"

धनसिंगचा चेहरा लाल झाला. "वर्गात सगळ्याइसमोर वाचतात हे. अन् माहा बाप इथं स्वतःच्या पायानं जाऊन त्याइचं खरं करून देते."

हे लागलं म्हाताऱ्याला. तो लेकाकडे पाहत राहिला. मध्ये मानीबाई बोलली. "पोरगा वकील होऊन राह्यला. एक डाव त्याचं आयकून पाहा न." मीही मान हलवली. खरं सांगायचं तर माझंही मन धनसिंगकडेच होतं.

"बरं," रूपसिंग म्हणाला आणि पुन्हा दोरी वळू लागला.

शनिवार आला. दिवस कलला तसं रूपसिंगनं सवयीनं पागोटं बांधलं. मग आठवलं असावं, सोडून खुंटीला लावलं. अंगणात आला, गोठ्यात गेला, पुन्हा अंगणात आला. तांड्यात पोरं होळीची लेंगी गाणी म्हणत होती, डफ वाजत होता, सगळे नाचत होते. हा मात्र गावाच्या वाटेकडे तोंड करून बसलेला. अंधार पडल्यावर त्यानं मोठा श्वास सोडला. "झालं," म्हणाला. धनसिंग इतका खूष झाला की डफ हिसकावून घेऊन नाचायला गेला. मीही गेलो.

दुसऱ्या दिवशी जमादार आला, सोबत दोन शिपाई. नदीपल्याडच्या गावातून आदल्या संध्याकाळी एका शेतकऱ्याची बैलजोडी गेली होती.

"रूपसिंग, काल दिवस बुडता कुठं होता?"

"इथंच, साहेब. तांड्यात."

"पाटलाच्या हजेरीले काहून नाही गेला?"

धनसिंग पुढे झाला.  "जमादारसाहेब, तो कायदा बावन्न सालीच रद्द झाला. हजेरी घ्यायचा कोणाले हक्क नाही. अन् बा इथंच होता, सगळ्या तांड्यानं पाह्यलं."

जमादार चिडला नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "कायदा रद्द झाला असन, बापा. मी कुठं नाही म्हन्तो? पण बैल तर गेले न. अन् तांड्याची साक्ष तांड्याले, ती घेऊन मी काय करू?"

रूपसिंग मध्येच बोलला. "साहेब, मागच्या बाजारात घेतलेली जोडी का? एकाच्या कपाळावर पांढरा टिक्का?"

"तुले काय माहीत?"

"मीच दात पाहून देल्ले. नेरकडची जोडी हाय. नवी जागा करमली नाही, तर सुटून जुन्या खुट्यावर गेली असन. तिकडं पाहा."

जमादार शिपायाकडे वळून हसला. "पाह्यलं? याले सारं ठावं हाय." आणि त्यालाच धरून नेलं. पागोटं खुंटीलाच राहिलं. मानीबाई ते हातात घेऊन वाटेपर्यंत धावली, पण ते पुढे गेले होते.

आम्ही दोघं पळत डोमाजी पाटलाकडे गेलो. ओटा उंच, सारवलेला. पाटील वर बसलेले, आम्ही खाली उभे.

"काकाजी, तुमी बाले वळखता. एक शब्द टाका न," धनसिंग म्हणाला.

पाटलांनी सुपारी कातरत ऐकलं. "तो काल आला असता, तर छातीठोक सांगतलं असतं मी. इतके वर्षं सांगत आलो. काल तो आलाच नाही. न पाह्यलेलं मी कसं सांगू?"

"मीच थांबवलं त्याले."

"मंग तूच सोडव."

यात कुत्सितपणा नव्हता हो, तेच तर वाईट होतं. धनसिंग ओट्याला टेकून खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी त्याला म्हटलं, रडत बसू नको, नेर माझ्याकडचं आहे, मी पाहून येतो. जोडी कोणी विकली ते त्या शेतकऱ्याकडून विचारून घेतलं आणि मिळेल त्या बंडीनं, मिळेल तिथे पायी, गेलो.

बैल जुन्या मालकाच्या गोठ्यात कडबा खात उभे होते. "काल अंधारातच आले, बाप्पा," मालक म्हणाला. "पाणी पाजलं, बांधून ठेवले. न्या म्हणा त्याइले." त्यानं चिठ्ठीबिठ्ठी काही दिली नाही, स्वतःच बैल घेऊन माझ्याबरोबर निघाला. भला माणूस.

रूपसिंगला सोडलं तेव्हा तो उघड्या डोक्यानं बाहेर आला. ओठ सुजला होता. धनसिंग पागोटं घेऊन उभा होता. त्यानं ते बापाच्या हातात दिलं आणि मान वर करेना. रूपसिंगनं सावकाश पागोटं बांधलं.

"चाला, गाई तशाच बांधल्या असतीन," एवढंच म्हणाला. लेकाला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आम्ही नागपूरला निघणार होतो तो दिवस शनिवारच होता. उन्हं उतरली तसा रूपसिंग उठला, पागोटं नीट केलं आणि गावाच्या वाटेला लागला.  धनसिंग चपला घालून मागे निघाला, मीही निघालो. लिंबाच्या झाडाशी रूपसिंगनं हातानंच आम्हाला थांबवलं. "तू नोको येऊ पुढं," लेकाला म्हणाला. "तुले कोणी तिथं उभा पाह्यला नाही पाह्यजे." आम्ही झाडाआडून पाहिलं. तो ओट्याखाली उभा राहिला, हात जोडले, "हजर" म्हणाला. पाटलांनी मान हलवली आणि त्याच्याकडे एक विडी टाकली.

वार्षिक परीक्षेत त्या प्रकरणावर प्रश्न आला. धनसिंगनं सगळं उत्तर वर्तमानकाळात लिहिलं. वामनरावांनी जेमतेम पास केलं. मी भूतकाळात लिहिलं, मला चांगले मार्क पडले, आणि ते मी घरी कोणाला सांगितले नाहीत.

पुढे धनसिंग यवतमाळला वकिली करू लागला. तांड्यातली, पारध्यांच्या बेड्यावरची, म्हणजे वस्तीवरची, पकडून आणलेली माणसं त्याच्याकडे येत. मी दारव्ह्याच्या कोर्टात वकिलीला बसलो. मधल्या काळात सरकारनं पाटीलक्याही काढल्या. डोमाजी पाटलांची गेली. पण ते ओट्यावर बसत राहिले आणि रूपसिंग जात राहिला. पाटलांना हळूहळू दिसेनासं झालं, तेव्हा रूपसिंग जवळ जाऊन मोठ्यानं हजर म्हणायचा आणि मग पाटील त्याला बैलांबद्दल काहीबाही विचारत. धनसिंगनं बापाला पुन्हा कधी थांबवलं नाही. त्यावर आम्ही कधी बोललोही नाही.

सदुसष्ट साली रूपसिंग वारला. दोन दिवसांच्या तापात गेला. मी तांड्यात भेटायला गेलो तो दिवस शनिवार होता. दारात माणसं बसलेली. दिवस कलायला आला असेल, तेवढ्यात गावातून पाटलांचा गडी आला. त्याला काही ठाऊक नव्हतं.

"पाटील विचारून राह्यले, रूपसिंग आज काहून नाही आला?"

 मानीबाईनं पदर तोंडात धरला. मला वाटलं, धनसिंग आता त्या गड्यावर तुटून पडणार. मी तरी पडलो असतो. तो उठला, चपला घातल्या आणि म्हणाला, "चाल, मी येतो." मी त्याच्यामागे गेलो.

ओट्याखाली एक चपटा दगड होता, उभं राहून राहून गुळगुळीत झालेला. धनसिंग त्यावर उभा राहिला. पाटलांनी चाहूल घेतली.

"आला का रूपसिंग? उशीर केला आज."

"काकाजी, मी धनसिंग. बा गेला. मंगळवारी."

पाटलांचे हात मांडीवर होते ते तसेच राहिले. तोंड उघडं पडलं. मग ते म्हणाले, "मले कोणी सांगतलं नाही."

"मी सांगाले आलो न."

ते डोळे पुसत राहिले. रडत होते का डोळे अधू म्हणून पाणी येत होतं, मला सांगता येत नाही. अंधार व्हायला लागला तसं इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "बरं, जाय आता."

धनसिंग गेला नाही. पायऱ्या चढून ओट्यावर आला आणि पाटलांच्या शेजारी बसला.