रिकामे फोटो

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. पण माझ्यासमोर उभे राहून कोणी कधी हसले नाही. मला झाडाला पट्ट्याने बांधतात आणि निघून जातात. जवळून उबदार अंगाचे काही गेले की मी आपोआप फोटो काढतो. रानडुकरांची नाके मी इतकी पाहिली आहेत की आता नको वाटते.

माझ्या मालकिणीला सगळे बाई म्हणतात. कारखाना किंवा खाण होण्याआधी त्या जागी कोणते प्राणी राहतात, त्यांचे काय होईल, हे शोधून अहवाल लिहायचा, हे बाईंचे काम. सोबतीला जीप चालवणारे मामा. ते बाईंचे नात्याने कोणी नव्हेत, सगळ्या जगाचेच मामा.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. माझ्या एका फोटोमुळे खाणीचा रस्ता हरणांची वाट सोडून वळवला गेला, तेव्हा बाईंनी मला मांडीवर घेऊन घरी आणले होते.

मग ते नदीचे वळण आले. तिथे पाणमांजरे आहेत का, एवढेच पाहायचे होते. कारखान्यावाल्यांनी आठ दिवस दिले. हाताला हरणांच्या उंचीची सवय, त्यात घाई. बाईंनी मला कमरेच्या उंचीवर बांधले. आठ दिवसांनी पाहिले तर दोन कुत्री, एक बगळा आणि बाकी चाळीसेक फोटोंत नुसते गवत.

"वाऱ्यानं हललं असेल," बाई म्हणाल्या.

मामांनी चष्मा वर केला. "सगळे पहाटे पाचच्या सुमाराचे आहेत. वारा काय घड्याळ लावून येतो का, बाई?"

अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. बाईंनी ते फोटो पुसले आणि 'पाणमांजरे आढळली नाहीत' असे लिहून सही केली.

पाणमांजरे रोज माझ्या खालून जात होती, मित्रांनो. आई पुढे, तीन पिल्ले मागे. त्यांची ऊब मला कळत होती, पण मला मान खाली घालता येत नाही. त्या दिवशी मला स्वतःचा फार राग आला.

दोन वर्षांनी बाई तिथे पुन्हा गेल्या. कारखाना उभा राहिला होता. माझ्या झाडाच्या मुळाशी एक रिकामे बीळ होते आणि त्याच्या तोंडाशी माशांचे वाळलेले खवले. खोडावर पट्ट्याचा वण अजून होता. बाईंनी तिथून जमिनीपर्यंतचे अंतर विती टाकून मोजले.

"माझं चुकलं, मामा."

"चला, ऊन चढलं," मामा एवढेच म्हणाले.

तेव्हापासून मला बांधण्याआधी बाई मातीला गाल टेकून आडव्या पडतात आणि तिथून प्राण्यांची वाट कशी दिसते ते पाहतात. एकही रिकामा फोटो पुसत नाहीत, प्रत्येकाची वेळ लिहून ठेवतात. साहजिकच काम लांबते. बाई वेळखाऊ आहेत अशी ओरड झाली, बोलावणी कमी झाली आणि मी कपाटात पडून राहिलो. माझ्या झाकणाला चीर गेली, तिला चिकटपट्टी लावली आहे.

गेल्या महिन्यात एका ओढ्यावर पाणमांजरे आहेत का ते पाहायला पुन्हा बोलावणे आले. "आई, पुरे झालं आता. गुडघे बघ तुझे," लेक म्हणाली. तरी बाई आल्या. काठावर आडव्या पडल्या त्या पडल्याच. मामांनी हात देऊन उठवले, आणि मामांना कोण उठवणार, असे मला वाटले. मी जमिनीपासून वीतभर उंचीवर आहे.

दहा दिवस झाले. अजून गवतच आहे. काल काम देणाऱ्या साहेबांचा फोन आला, अहवाल कधी देता म्हणून.

"नाहीत असं लिहायला मला अजून दहा दिवस लागतील," बाई म्हणाल्या. "आहेत असं लिहायचं असतं तर एक फोटो पुरला असता."

साहेबांनी दुसऱ्या कोणाला तरी शोधतो असे सांगून फोन ठेवला. बाईंनी मला सोडले नाही, फक्त नवी बॅटरी घातली.

मित्रांनो, मी थकलो आहे. माझी जपणूक करा असे मी म्हणणार नाही, माझे दिवस भरले आहेत. पण तुमच्या हाती कधी रिकामा फोटो आला, तर पुसण्याआधी एकदा खाली वाकून बघा.