बूच लावलं का?

आमची बस रस्त्यावर धावते आणि तळ्यात पोहते. नवरा ती चालवतो, मी तिकिटं फाडते. पाण्यात शिरण्याआधी बसच्या तळाचं बूच मी लावते. तो विचारतो, "बूच लावलं का?" मी "लावलं!" म्हटलं की मगच तो बस उतारावरून पाण्यात घालतो. एरवी आमचं कशावर एकमत होईल तर शपथ!

सुट्टीच्या दिवशी दादाने आपली नवी कोरी गाडी कौतुकाने नवऱ्याच्या हाती दिली. दादा-वहिनी मागे बसले. पुढे आम्ही दोघं घरातल्या पडद्यांच्या रंगावरून कडाकडा भांडत होतो. तेवढ्यात तळ्याचा तो ओळखीचा उतार आला.

"बूच लावलं का?" नवऱ्याने विचारलं.

"लावलं!" मी ठणकावून सांगितलं.

वहिनीने किंकाळी फोडली तेव्हा पुढची चाकं पाण्यात गेली होती.

गुडघाभर पाण्यात उभं राहून सगळ्यांनी गाडी मागे ढकलली. नवरा माझ्याकडे बघून खुदकन हसला आणि मलाही हसू आवरेना. दादाने मात्र कपाळाला हात लावला.

"इतकं छान भांडत होतात," तो कळवळून म्हणाला, "मध्येच एकमत कशाला केलंत?"