बोलायची खोली

काकूंची समितीवर नेमणूक झाली तेव्हा त्यांच्या औषधाच्या दुकानात दिवसभर माणसं अभिनंदनाला येत होती आणि जाताना खोकल्याची बाटली घेऊन जात होती. साथीच्या दिवसांत सगळे दारं लावून बसले होते, पण काकूंनी दुकानाचं शटर एकदाही पुरतं खाली ओढलं नव्हतं. त्या पुण्याईवर नगर परिषदेने त्यांना नागरिकांच्या प्रतिनिधी म्हणून घेतलं. समितीचं नाव होतं 'साथोत्तर सेवा आढावा व बालहक्क देखरेख समिती'. ते एका दमात अध्यक्षांनाही म्हणता येत नसे. काम मात्र सरळ होतं. साथीत परिषदेच्या ज्या सेवा बंद पडल्या त्या परत सुरू झाल्या का ते बघायचं, आणि त्यात मुलांचं काही बुडालं असेल तर ते त्यांना मिळवून द्यायचं.

"हे तर माझंच काम," काकू घरी म्हणाल्या.

मुलगी भाकरी मोडावी तसं वाक्य मोडून म्हणाली, "मग आधी आपल्या घरचं बघ. त्या खोलीचं कुलूप काढ."

घरचं म्हणजे भिंगरी, काकूंची नात. ती साथीच्या ऐन भरात जन्मली. पहिली दीड-दोन वर्षं तिने आई आणि आजी सोडून एकही उघडा चेहरा जवळून पाहिला नव्हता. बरोबरीची मुलं बोलायला लागली आणि ही गिरक्या घेत राहिली, म्हणून ती भिंगरी. कान शाबूत, समज तर भल्याभल्यांना पुरून उरेल अशी. पण तोंडातून शब्द म्हणाल तर एकच, 'बू'. पाणी म्हणजे बू, मांजर म्हणजे बू, आणि रागावली की बू म्हणजे तुम्ही. आता तिचं पाचवं वर्ष संपत आलं होतं.

अशा मुलांसाठी परिषदेच्या दवाखान्यात मागच्या बाजूला एक खोली होती. बुटक्या खुर्च्या, भिंतभर आरसा, आणि मुलांना बोलतं करणाऱ्या एक बाई. सगळे तिला बोलायची खोली म्हणत. साथीत तिथे रोग्यांच्या खाटा लागल्या. साथ गेली, रोगी गेले, बाईही नोकरी सोडून दुसऱ्या गावी गेल्या. खाटा मात्र घडी घालून तिथेच राहिल्या आणि दाराला कुलूप लागलं.

पहिल्याच बैठकीत काकूंनी तो विषय काढला. आरोग्य अधिकारी, नेहमी इस्त्रीच्या शर्टातला मृदू माणूस, म्हणाला, "मॅडम, त्याची प्रक्रिया सुरू आहे."

"कुठपर्यंत आलीय प्रक्रिया?"

"सुरूच आहे."

पुढच्या बैठकीलाही ती सुरूच होती. खोली दवाखान्याची, खाटा आपत्ती विभागाच्या, किल्ली बांधकाम विभागाकडे, आणि तिघांपैकी कुणीही बाकी दोघांना फोन केलेला नव्हता. काकूंनी स्वतः तिन्ही टेबलांवर जाऊन पाहिलं. प्रत्येकाने बसायला खुर्ची दिली, चहा विचारला, आणि बोट शेजारच्या इमारतीकडे केलं.

त्यानंतरच्या बैठकीत काकूंनी आवाज चढवला, तेव्हा त्यांच्या समोर बसणारे एक सदस्य घसा खाकरून म्हणाले, "अध्यक्ष महाराज, माझा एक नियमाचा मुद्दा आहे. या विषयात काकूंच्या घरचंच मूल प्रतीक्षेत आहे असं कळतं. ज्याचा हितसंबंध त्याने चर्चेच्या वेळी बाहेर बसावं, असा आपला नियम आहे."

अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणत. बाजारात त्यांचं रंगाचं दुकान होतं. त्यांनी नियमाचं पुस्तक मागवलं, चष्मा लावून वाचलं आणि मान हलवली. "नियम आहे खरा, काकू."

"अहो, पण त्या खोलीबद्दल इथे आणखी कुणाला काही माहीत आहे का?"

"तो प्रश्न वेगळा आहे."

काकू बाहेर जाऊन बाकावर बसल्या. पर्स मांडीवर घट्ट धरून. आत कुणीतरी काहीतरी बोललं, कुणीतरी हसलं. त्यांचा चष्मा पुसून होतो न होतो तोच शिपायाने दार उघडलं. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला होता.

त्या दिवसापासून हेच होऊ लागलं. बोलायच्या खोलीचा विषय आला की काकू बाहेर. भिजत घोंगडं भिजतच राही. काकूंनी मग दुसरी वाट काढली. दुकानात येणाऱ्या आयांना हेरून त्यांनी विचारपूस केली, आणि ज्यांची मुलं त्या खोलीसाठी थांबली होती अशा चार-पाच आईबापांना बैठकीला यायला सांगितलं. ते आपापली मुलं घेऊन आले. शिपायाने त्यांना दारातच अडवलं. सभागृहात लहान मुलांना मनाई होती.

"ही समिती मुलांच्या हक्काची आहे ना?" एका जुळ्यांच्या बापाने विचारलं. तो बसचालक होता, गणवेशातच आला होता.

"हक्काची आहे," शिपाई म्हणाला. "पण मुलांना परवानगी नाही."

बैठक संपली तेव्हा काकू घरी न जाता तडक भाऊंच्या रंगाच्या दुकानात गेल्या. भाऊ डबे लावत होते.

"भाऊ, मला खरं सांगा. तुम्हाला ती खोली उघडायचीच नाही ना?"

भाऊंनी हातातला डबा हळूच खाली ठेवला.  मग म्हणाले, "काकू, माझ्या बायकोला खाट मिळाली नव्हती. तुम्हाला माहीत आहे. मी गाडीत तिला घेऊन फिरत होतो. जिथे जाईन तिथे तेच, जागा नाही. आज त्या खोलीत खाटा आहेत, सिलिंडर आहेत. कुलपात का होईना, आहेत. उद्या परत ती साथ आली, आणि मी त्या खाटा हलवलेल्या असल्या तर?"

काकूंना हे अपेक्षित नव्हतं. त्या माणसाचा राग राग करत आल्या होत्या. आता रागाला धरायला काही उरलं नाही, आणि तरी तो जाईना.

"वहिनींची औषधं माझ्याकडूनच जात होती," त्या म्हणाल्या. "मी विसरले नाहीये. पण भाऊ, खाटा फेका असं मी म्हणत नाही. दुसरीकडे ठेवा. तुमच्या सदस्यांची विश्रांतीची खोली आहे ना वर? एवढी मोठी, सोफ्यांची. तिथे कोण विश्रांती घेतं?"

भाऊ पहिल्यांदा थोडं हसले. "तिथे हात लावला तर मला आयुष्यभराची विश्रांती देतील ते."

पण त्यांनी हात लावला. सदस्यांनी आकांडतांडव केलं. एकाने तर सोफा ही लोकशाहीची गरज आहे असं भाषण केलं. भाऊ ऐकून घेत होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः उभे राहून त्यांनी खाटा वर चढवल्या. बोलायच्या खोलीचं कुलूप निघालं. आरशावर धूळ होती, बुटक्या खुर्च्या एकीवर एक रचलेल्या होत्या. काकूंनी स्वतः फडकं मारलं. आठवड्यातून एक दिवस शेजारच्या गावाहून नव्या बाई येणार असंही ठरलं.

काकू पेढे वाटायच्या बेतात होत्या. तेवढ्यात आरोग्य अधिकाऱ्याने मृदू आवाजात सांगितलं, "मॅडम, एक अडचण आहे. ही सेवा पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे."

"मग?"

"तुमच्या नातीला गेल्या महिन्यात पाच पूर्ण झाली. त्या बसचालकांच्या जुळ्यांनाही. बरीच मुलं बाद होतायत."

"अहो, खोली तुम्ही बंद ठेवली होती!"

"ते खरं आहे. पण नियमात खोली बंद असण्याचा उल्लेख नाही."

रात्रीचं जेवण झालं. मुलगी भांडी आपटत म्हणाली, "आई, तू त्या समितीत कशाला गेलीस गं? साधी आजी राहिली असतीस तर निदान ओरडता तरी आलं असतं. मी खाजगी बाईंकडे नेते म्हटलं तर म्हणालीस, थांब, नियमाने होऊ दे, नाहीतर लोक बोलतील. लोक बोलले का? बोलायचं होतं ते माझ्या लेकीने!"

 भिंगरी टेबलाखाली बसून चमच्याने फरशी वाजवत होती.

पुढच्या बैठकीत वयाच्या नियमाचा विषय होता. शिपायाने दार उघडून धरलं, म्हणजे काकूंनी आता बाहेर जायचं. काकू उठल्या, पण दाराकडे गेल्या नाहीत. त्यांनी अध्यक्षांपुढे एक कागद ठेवला.

"हा माझा राजीनामा. आत्ता, या क्षणापासून. आणि नागरिकांना तीन मिनिटं बोलता येतं असं तुमच्याच पुस्तकात आहे. मी नागरिक आहे. आजी आहे. मला बोलायचंय."

नियमाचा मुद्दा काढणारे सदस्य पुस्तक उलटंपालटं करू लागले. भाऊ म्हणाले, "बोला, काकू."

काकूंनी घरी आरशासमोर तयारी केली होती. त्यातलं काहीच आठवलं नाही.

"खाटा थांबतात, भाऊ," त्या म्हणाल्या. "घडी घालून ठेवल्या की दहा वर्षं तशाच राहतात. मूल नाही राहत. तुमची प्रक्रिया सुरू होती तेव्हा ती मोठी होत होती. त्यात तिचा काय गुन्हा? वाढदिवस झाला हा गुन्हा? तुम्ही पाच वर्षं म्हणता, त्यातली खोली उघडी किती होती ते सांगा ना. तेवढी मोजा. आणि तुम्ही मला इथून बाहेर काढत होता कारण माझं मूल यात आहे. मग ज्यांचं कुणाचंच यात नाही ते कशाला बघतील या—"

घंटा वाजली. काकू बोलतच राहिल्या. मग माइक बंद झाला, तरी बोलत राहिल्या, आणि पुढच्या रांगेतल्या दोघांनाच ऐकू गेलं की त्या रडत नव्हत्या, त्यांचा आवाज संतापाने फाटला होता.

मतदान झालं. खोली बंद असताना ज्यांना पाच पूर्ण झाली त्यांना एक वर्षाची सवलत मिळाली. विरोधात मतं पडली ती थोडक्यात कमी पडली. भाऊंच्या मताने पारडं फिरलं. बसचालक बापाने बाहेर येऊन काकूंचा हात दोन्ही हातांत धरला.

काकू घरी जायला निघाल्या, आणि त्या निघाल्यावर आत शेवटचा विषय झाला. सर्व सेवा पूर्ववत सुरू झाल्या आहेत, असा अहवाल अधिकाऱ्याने वाचला. नागरिकांच्या प्रतिनिधीची खुर्ची रिकामी होती. कुणी काही विचारलं नाही. अहवाल मंजूर झाला आणि काम पूर्ण झालं म्हणून समिती बरखास्त झाली. काकूंना हे कळलं ते दुसऱ्या दिवशी, सर्दीची गोळी घ्यायला आलेल्या शिपायाकडून.

"म्हणजे मी उठले म्हणून?" त्यांनी विचारलं.

शिपाई गोळीचं पाकीट खिशात टाकत म्हणाला, "तुम्ही असतात तर वाद झाला असता एवढं नक्की."

मुलं जास्त आणि बाई एक, त्यामुळे भिंगरीची पाळी पंधरा दिवसांतून एकदा येऊ लागली, तीही चहा थंड होईल एवढ्या वेळापुरती. पहिल्या दिवशी ती बुटक्या खुर्चीमागे जाऊन लपली. तिसऱ्या पाळीला तिने बाईंच्या हातातला लाल चेंडू बघितला आणि म्हणाली, "दे." मुलीने दुकानात फोन करून हे सांगितलं तेव्हा काकूंना गिऱ्हाईकासमोर हसावं की हुंदका द्यावा कळेना. आणि लगेच, आनंद पुरता गळ्याखाली उतरायच्या आत, त्यांच्या मनात आलं: हे दोन वर्षांपूर्वी झालं असतं.

त्याच आठवड्यात एक बाई दुकानात आली. तिच्या मुलाला फळ्यावरचं दिसत नव्हतं. शाळेत पूर्वी परिषदेचे डोळ्यांचे डॉक्टर यायचे, ते साथीत बंद झाले ते झालेच.

"काकू, तुम्ही आहात ना त्या समितीत? विचारा ना एकदा."

"समितीच नाही आता," काकू म्हणाल्या. "सगळं सुरू झालंय म्हणे. कागदावर."

बाईचा चेहरा उतरला. ती वळली. काकूंनी तिला हाक मारून थांबवलं, काउंटरच्या फळीखालून वाकून बाहेर आल्या आणि विचारलं, "परिषदेची सभा मंगळवारी असते. तीन मिनिटं बोलू देतात. बोलाल का?"

"मी? मला नाही बाई जमायचं."

"मलाही नव्हतं जमलं," काकू म्हणाल्या. "सुट्टी काढता येईल का ते आधी सांगा."