माझी भोकं बुजवू नका

मित्रांनो, मी एक जुना तोफगोळा आहे, आणि आजवर एकदाही फुटलेलो नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मग सांगायला घेतो.

मला फुटण्यासाठी घडवलंच नव्हतं. मी कवायतीचा गोळा. दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हा यॉर्कशायरमधल्या एका कारखान्यात जन्मलो. खाली पितळेचं नळकांडं, वर लोखंडी टोक, आणि पोटात दारूचा कणसुद्धा नाही. नळकांड्याला चार भोकं पाडली होती आणि बुडावर 'कवायत' असा शब्द ठोकला होता. डोळे मिटून हात फिरवला तरी कळावं की याच्यापासून भीती नाही. शेजारच्या पेट्यांतले खरे गोळे मला पोकळ म्हणून हिणवायचे. बोलल्यानं अंगाला भोकं पडत नाहीत, असं म्हणतात. माझ्या अंगाला तर ती आधीपासूनच होती, मग मी कशाला मनावर घेऊ?

माळरानावरच्या तोफखाना शाळेत नवी पोरं यायची. मला उचलायचं, तोफेत सारायचं, बाहेर काढायचं, पुन्हा सारायचं. दिवसाला शंभर वेळा तरी. क्लिफर्ड थॅकरे नावाच्या विणकराच्या पोरानं पहिल्याच दिवशी मला स्वतःच्या पायावर पाडलं. त्याचा अंगठा सुजला आणि त्याचा उस्ताद म्हणाला, "नशीब समज, हा पोकळ आहे. खरा असता तर पायाबरोबर आपण सगळेच गेलो असतो." पुढे क्लिफर्डचा हात इतका बसला की बोलता बोलता तो मला तोफेत सारायचा. खऱ्या लढाईतून तो धडधाकट परत आला. खऱ्या गोळ्यांनी रणगाडे फोडले असतील, मान्य. पण त्याचे हात मी तयार केले. हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

युद्ध संपलं आणि मी भंगारात निघालो. क्लिफर्डनं मला मागून घेतलं, घरी नेलं आणि बैठकीच्या शेकोटीशेजारी उभं केलं. तिथून पुढे मी त्याच्या बायकोच्या, एनिडच्या ताब्यात गेलो. एनिड फार टापटिपीची. दर शनिवारी पॉलिशचा डबा घेऊन ती मला घासायची, अगदी बुडासकट. मी आरशासारखा चकाकायचो आणि शेजारणी तिचं कौतुक करायच्या. चाळीस वर्षांच्या घासण्यात माझ्या बुडावरचा शब्द झिजून गेला. कौतुकापायी माणसाचं नाव गेलेलं मी ऐकलं होतं. माझं तर खरोखरच गेलं.

त्यात भोकांचा उपद्रव. थंडीत धुराड्यातून वारा आला की मी शीळ घालायचो. एनिडला ते खपेना. एका हिवाळ्यात तिनं चारही भोकांत रंगारी वापरतात ती लांबी भरली, वर सोनेरी रंग फासला. क्लिफर्ड दोन दिवस रुसून जेवला नाही, पण तिसऱ्या दिवशी जेवायला बसला.

शेकोटीच्या दुसऱ्या बाजूला माझा जोडीदार उभा होता. क्लिफर्डच्या एका मेंढपाळ मित्राला तो माळरानावर सापडला होता. त्याच्यावर 'सराव' असा शब्द होता. क्लिफर्ड म्हणाला, कवायत काय नि सराव काय, शाळा एकच. इथेच चूक झाली, मित्रांनो. कवायतीचा गोळा फक्त हाताळायचा असतो. सरावाचा खरोखर उडवतात. कुठे पडला ते दिसावं म्हणून त्यातल्या काहींच्या पोटात स्फोटक असतं. हा माळावर पडला होता, पण त्याच्या पोटातलं फुटलं नव्हतं. एनिड नाताळची शुभेच्छापत्रं त्याला टेकवून ठेवायची, विस्तवापासून दोन हातांवर. मी सगळं जाणत होतो, आणि मला तोंड नव्हतं.

क्लिफर्ड गेला. एनिडनं लहान घरात जायचं ठरवलं आणि जुना दारूगोळा जमवणाऱ्या मंडळाला, आम्हा दोघांना घेऊन जा, अशी चिठ्ठी धाडली. मंडळाचे ओल्डरॉइड आले. आयुष्यभर बस चालवलेला शांत माणूस. माझ्याकडे पाहिलं, मग गुडघे टेकून जोडीदारावरचा शब्द वाचला. आणि दोन्ही हात खिशात घातले.

"एनिडबाई, चहा राहू द्या," ते म्हणाले. "आपण बागेत जाऊन बसू. वाटेत कशाला हात लावू नका."

तासाभरात गल्ली रिकामी झाली आणि लष्कराचं पथक आलं. पथकाची प्रमुख प्रॉक्टर नावाची तरुण बाई होती. ती आत येऊन बघून गेली आणि म्हणाली, दोन्ही गोळे खाणीत नेऊन उडवणार. एकावर नको तो शब्द आहे, दुसऱ्यावर शब्दच नाही, भोकं नाहीत. ओळख नसलेल्या गोळ्यावर ती विश्वास ठेवणार नव्हती. मला राग आला नाही. तिचं बरोबरच होतं. पण जो कधी फुटला नाही, त्याला फोडून मारणार? तेही फक्त चकचकीत आहे म्हणून?

एनिड गल्लीबाहेर, बाहेर काढलेल्या शेजारणींच्या घोळक्यात उभी होती. ज्या चकाकीबद्दल तिची वाहवा व्हायची, तिच्याच पायी मी चाललो होतो. ती पुढे आली.

"भोकं आहेत," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "मीच बुजवली. शब्दही मीच घासून घालवला. अक्कल गहाण टाकली होती, झालं. त्या दुसऱ्याला न्या बाई, आणि सांभाळून न्या. पण याला आधी नीट तपासा. माझ्या नवऱ्याला यानं शिकवलंय."

प्रॉक्टरबाईनं मान डोलावली. जोडीदाराला वाळूच्या पेटीत घालून नेलं. मग यंत्रानं माझा आतला फोटो काढला. चार भोकं साफ दिसली, आणि आत काहीच नाही. पोकळ! आयुष्यभराची ती शिवी त्या दिवशी माझी सुटका ठरली. संध्याकाळी खाणीकडून धडाका आला आणि खिडक्यांची तावदानं थरथरली. एनिडनं शेकोटीशेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. चाळीस नाताळ, एवढंच म्हणाली.

मित्रांनो, दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. कुठे जुना गोळा दिसला तर लांब व्हा आणि जाणत्या माणसाला बोलवा. रंगावर जाऊ नका, कुणाच्या सांगण्यावरही जाऊ नका. आणि माझ्यासारखा कुणी तुमच्या घरी आला, तर त्याला घासू नका. त्याचे ओरखडे आणि भोकं हीच त्याची ओळख आहे.

आता मी एनिडच्या नव्या घरात आहे, काळवंडलेला. पथकानं परत दिलं त्याच दिवशी तिनं विणकामाच्या सुईनं माझी भोकं मोकळी केली. पॉलिशचा डबा शेजारणीला देऊन टाकला. थंडीत वारा आला की मी शीळ घालतो, आणि चांगली मोठ्यानं घालतो. एनिड वर्तमानपत्र खाली ठेवते आणि म्हणते, "वाज बाबा, वाज. जिवंत आहोत तोवर ऐकते."