एकच भाव

आमच्या गल्लीतल्या कापडाच्या दुकानात एक विक्रेता होता. सगळे त्याला 'सावकाश' म्हणायचे. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान बरोबर समोर, म्हणजे सांगतो ते डोळ्यांनी पाहिलेलं. मीठमसाला पडलाच असेल तर चिमूटभर.

सावकाशने तागा फेकला की तो उलगडत दाराबाहेर, गल्ली ओलांडून माझ्या उंबऱ्यापर्यंत यायचा. गिऱ्हाइकाला उजेडात रंग दिसावा म्हणून. पोस्टमन कापडाखालून वाकून जायचा. आणि घासाघीस म्हणाल, तर एकदा एका आईने लेकीच्या फ्रॉकसाठी कापड पाहायला घेतलं आणि भाव ठरेपर्यंत लेक एवढी वाढली, की शेवटी आईच्याच मापाचं कापड फाडावं लागलं. खोटं वाटत असेल तर त्या लेकीला विचारा. तिला आता नातवंडं आहेत.

दुकान त्याच्या वहिनीचं. थोरला भाऊ गेल्यावर तिनेच ते सांभाळलं. आणि सावकाशने सांभाळलं ते एकच गिऱ्हाईक : बेकरीच्या वरच्या खोलीत एकटी राहणारी शिवणकामवाली बाई.

"हे कापड आहे की मच्छरदाणी?" बाई आल्या आल्या सुरू करायच्या.

"मच्छरदाणी असती तर तुमच्या चाव्यातून वाचलो असतो की."

"भाव सांगा, सावकाशराव. आज मला अजिबात वेळ नाही."

"वेळ नाही? मग बसा."

बाई स्टूल ओढून बसायच्या. तो सांगे त्या किमतीत अख्खं दुकान आलं असतं. बाई म्हणत त्या किमतीत दोरासुद्धा नाही. या दोन टोकांच्या मध्ये बाईंचा चष्मा, त्याचा गुडघा, बेकरीवाल्याचे करपलेले टोस्ट, सगळं येऊन जायचं. वहिनी चहा टाकायची. मग बाई रागावून उठत, पायरीपर्यंत जात, तो हाक मारी आणि बाई हसू दाबत परत येत.

"भावोजी," वहिनी मागून म्हणायची, "विचारायचं ते एकदा विचारून टाका त्यांना. माझं काउंटर तरी मोकळं होईल."

"पुढच्या वेळी. आज विषयच निघाला नाही."

मग कोपऱ्यावर मोठं दुकान उघडलं. काचेचं. प्रत्येक कापडावर किमतीची चिठ्ठी; कुणी कुणाशी बोलायचं नाही, उचला आणि निघा. लोकांना ते आवडलं. का नाही आवडणार? आपण फसलो का, या विचाराने झोप उडायची नाही. वहिनीचं निम्मं गिऱ्हाईक तिकडे वळलं, तेव्हा तिनेही दारावर पाटी लावली : एकच भाव.

सावकाशचं अक्षर सुरेख, म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम त्याच्याकडे आलं. निळ्या फुलांचा एक तागा आला होता. बाईंना तो आवडणार हे त्याने ओळखलं, आणि चिठ्ठी लिहायला अख्खी सकाळ घेतली. बाई घासाघीस करून संध्याकाळपर्यंत जिथे पोचल्या असत्या, ती किंमत त्याने लिहिली. वर आणखी थोडी उतरवली.

बाई आल्या. स्टूल ओढलं. चिठ्ठी पाहिली.

"हा भाव?"

"शेवटचा. तुमच्यासाठी आधीच उतरवून ठेवलाय."

"म्हणजे बोलायचं काही ठेवलंच नाहीत तुम्ही."

त्याला ते कौतुक वाटलं. "नाहीच," तो खुशीत म्हणाला. "आता तुमचा वेळ जायचा नाही."

बाईंनी स्टूल जागेवर ठेवलं, कापड घेतलं आणि गेल्या. पायरीवर थांबल्या नाहीत. थांबायला कारण काय उरलं होतं?

वहिनीने चहा टाकला होता. तिने कपांकडे पाहिलं, मग दिराकडे. "भावोजी, भाव उतरवलात की बाईंना निरोप दिलात?"

तो हसला. हसता हसता मध्येच थांबला.

बाई यायच्या बंद झाल्या. सावकाश रोज त्यांच्या जिन्यापर्यंत जायचा आणि बेकरीतून पाव घेऊन परत यायचा. हातात कापड नसताना काय बोलायचं, हे त्याला येतच नव्हतं. घरात पाव इतके साठले, की ते खाऊन गल्लीतल्या चिमण्या जाड झाल्या आणि चालत फिरू लागल्या.

दुकान मात्र चालायला लागलं. गर्दी वाढली, स्टूल काढून तिथे मांडणी आली. "एकच भाव, एकच भाव" म्हणता म्हणता त्याच्या जिभेला तेच वळण पडलं. झोपेतही तेच, असं वहिनी सांगायची.

आणि एका भर दुपारी बाई आल्या. गर्दीतून पुढे झाल्या आणि त्यांनी एक फीत उचलली. दुकानात तिच्याहून स्वस्त वस्तू नव्हती.

"ही जरा महाग वाटते," बाई म्हणाल्या.

वहिनीची कात्री कापडात थांबली. मी डोळ्यावरचं भिंग काढलं.

सावकाश कुणाचं तरी बोचकं बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "एकच भाव आहे, बाई."

मान वर केली तोवर फीत काउंटरवर होती.

"बरोबर आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "बाहेर पाटी लावलीय की. मीच वाचायला हवी होती."

बाई बाहेर पडल्या. "जा ना त्यांच्यामागे," वहिनी हळूच दिराला म्हणाली.

तो पायरीपर्यंत आला. तोंड उघडलंही. तेवढ्यात आतून कुणीतरी विचारलं, "अहो, याची चिठ्ठी पडलीय. केवढ्याला हे?"

सावकाश सांगायला वळला.

बाई कोपऱ्यापलीकडे बराच वेळ थांबल्या होत्या. माझ्या दुकानातून कोपऱ्यापलीकडचं दिसतं. त्याच्या पायरीवरून दिसत नाही.